यंत्राशिवाय खेळ: क्लाउड गेमिंगचा खरा हिशेब

भारतात प्लेस्टेशन ५ विक्रीला आला २ फेब्रुवारी २०२१ रोजी. डिस्क चालवणाऱ्या यंत्राची किंमत होती ४९,९९० रुपये, आणि त्यावरचा नवा मोठा गेम साधारण ४,९९९ रुपयांना मिळत होता. घरात चांगला टीव्ही आधीपासून आहे असे धरले, तरी पहिला गेम सुरू होईपर्यंत पंचावन्न हजार रुपये खर्च. कॉम्प्युटरचा रस्ता धरला तर बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डालाच पंचवीस-तीस हजार मोजावे लागतात. प्रोसेसर, रॅम, मॉनिटर वेगळेच. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत एवढी रक्कम हाती आली तर तिच्या वाटा आधीच ठरलेल्या असतात: क्लासची फी, दुचाकीचा हप्ता, कुणाचे तरी आजारपण. त्यामुळे आपल्याकडे गेम म्हटले की मोबाइलवरचा गेम, असेच झाले. बीजीएमआय खेळणारी पोरे गावोगाव भेटतील. पन्नास-साठ तासांचा एखादा मोठा कथाप्रधान गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलेला मुलगा मात्र शोधावा लागतो.

या दरीचे एक उदाहरण तर अगदी घरचे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम प्रसिद्ध केला. भारतीय पुराणकथांचा आधार, राजस्थानी वास्तुकलेची छाप आणि हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी. बाहेरच्या जगाने त्याची दखल घेतली. पण तो आला तो निन्टेंडो स्विच, कॉम्प्युटर, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांवर. पुण्यात घडलेला गेम त्या वेळी पुण्यातल्याच बहुसंख्य मुलांना खेळता आला नाही, कारण त्यांच्याकडे ते यंत्र नव्हते.

क्लाउड गेमिंग नेमके याच जागी आश्वासन घेऊन येते. महागडे यंत्र घरात आणू नका, ते कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये राहील. गेम तिथे चालेल, त्याचे चित्र इंटरनेटवरून तुमच्या पडद्यावर येईल, आणि तुम्ही दाबलेले बटण उलट वाटेने तिथे पोहोचेल. पडदा जुन्या लॅपटॉपचा असो, टीव्हीचा असो की मोबाइलचा. गेम डाउनलोड करायचा नाही, शंभर-शंभर जीबी जागा मोकळी करायची नाही, दर चार-पाच वर्षांनी नवे कार्ड घ्यायचे नाही. कल्पना सुंदर आहे, आणि ती चालते हेही आता सिद्ध झाले आहे. पण ती खेळ स्वस्त करते का, आणि ज्यांच्यापर्यंत तो पोहोचला नव्हता त्यांच्यापर्यंत नेते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. या हिशेबात पुन:पुन्हा एकच गोष्ट दिसते. यंत्राचा खर्च नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. दुकानातल्या एकरकमी किमतीतून तो महिन्याच्या भाड्यात आणि घरापर्यंत येणाऱ्या तारेत जाऊन बसतो. त्यामुळे ज्याची तार चांगली त्याला तो कमी जाणवतो, आणि ज्याची वाईट त्याला ती वर्गणी फुकट गेल्यासारखी वाटते.

आधी तारेचे पाहू. क्लाउड गेमिंगची ओळख अनेकदा ‘गेमचे ओटीटी’ अशी करून दिली जाते, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. ओटीटीवरचा सिनेमा पूर्ण तयार असतो. पुढचा अर्धा मिनिट आधीच आपल्या फोनमध्ये येऊन थांबलेला असतो, त्यामुळे मध्येच नेट अडखळले तरी आपल्याला कळत नाही. गेममध्ये पुढचा क्षण अजून घडलेलाच नसतो. तो तुम्ही आत्ता कोणते बटण दाबता त्यावर ठरायचा असतो, म्हणून आधी साठवून ठेवण्याजोगे काही नाही. बटण दाबले की तो इशारा डेटा सेंटरपर्यंत जातो, तिथला सर्व्हर गेम एक पाऊल पुढे सरकवून नवे चित्र काढतो, एच.२६४ किंवा एव्ही१ सारख्या पद्धतीने ते चित्र दाबून लहान करतो, पाठवतो, मग तुमचा फोन ते उलगडतो आणि पडद्यावर दाखवतो. सेकंदाला ६० चित्रे या वेगाने खेळायचे तर दर १६.७ मिलिसेकंदांनी एक नवे चित्र यायला हवे. घरातल्या कन्सोललाही थोडा वेळ लागतोच. पण क्लाउडमध्ये चित्र दाबणे, उलगडणे आणि प्रवास यांची भर पडते, आणि सगळे नीट जुळले तरी दोन-तीन चित्रांइतका जादा उशीर होतो.

या उशिरातला एक भाग कोणत्याही कंपनीला कमी करता येत नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. म्हणजे दर शंभर किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तेवढ्या लांबीच्या केबलवरून जाऊन यायला सात मिलिसेकंद. काहीच नाही. मुंबई ते सिंगापूर मात्र सरळ रेषेतच सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे कमीत कमी ३९ मिलिसेकंद, आणि समुद्राखालची केबल सरळ रेषेत जात नाही. म्हणून परदेशातल्या सर्व्हरवर चालणारी सेवा भारतात कधीच हातात बसत नाही, तिला सर्व्हर इथेच उभारावे लागतात. या बाबतीत मराठी मुलुखाचे नशीब चांगले आहे. देशातला डेटा सेंटरचा सर्वात मोठा पट्टा मुंबई-नवी मुंबईत आहे, आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या अनेक केबल्स वर्सोव्याच्या किनाऱ्याला येतात. प्रकाशाच्या हिशेबाने पाहिले तर चंद्रपूरचा मुलगाही सर्व्हरपासून फार दूर नाही.

अडते ते शेवटच्या टप्प्यावर. टॉवर ते फोन, राउटर ते लॅपटॉप. गेम खेळणारी मुले ‘पिंग वाढला’, ‘लॅग मारतोय’ असे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा दोष समुद्राखालच्या केबलचा नसतो. एकाच टॉवरवर संध्याकाळी सगळे गाव जोडलेले असते, किंवा इमारतीतले वीस वाय-फाय राउटर एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना आडवे येत असतात. सरासरी वेग कितीही चांगला असला, तरी मध्येच एखादा क्षण चित्र गोठले की शत्रू समोर येऊन आपण मेलेलो असतो. बुद्धिबळासारखा आळीपाळीने खेळायचा किंवा सावकाश उलगडणारा कथाप्रधान गेम हा उशीर सहन करतो. मारामारीचा आणि चढाओढीचा नेमबाजीचा गेम करत नाही. जाहिरातीत मात्र नेहमी या दुसऱ्या प्रकारचेच गेम दाखवले जातात.

आता डेटा. गूगलने आपल्या स्टेडिया सेवेसाठी स्वतःच दिलेले आकडे असे होते: ७२०पी दर्जाला तासाला ४.५ जीबीपर्यंत, १०८०पीला १२.६ जीबीपर्यंत, ४के ला २० जीबीपर्यंत. आपल्याकडचे नेहमीचे दिवसाला २ जीबी देणारे रिचार्ज घ्या. सर्वात साध्या दर्जातही ते सत्तावीस मिनिटांत संपते. फाइव्हजीने हे चित्र थोडे बदलले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्हजी सुरू झाले, आणि अमर्याद फाइव्हजी देणारी रिचार्ज आली. पण जिओने जुलै २०२४ पासून ही सवलत दिवसाला २ जीबी किंवा त्याहून मोठ्या रिचार्जपुरती ठेवली, शिवाय फाइव्हजीचा फोन हवा आणि घराच्या आत रेंज हवी. फायबरचे कनेक्शन असेल तर डेटाची चिंता जवळपास मिटते. महिन्याला ३,३०० जीबीची जी मर्यादा मोठ्या कंपन्या ठेवतात, तीत १०८०पी दर्जाने अडीचशेहून जास्त तास खेळता येते. म्हणजे क्लाउड गेमिंगचा खरा ग्राहक फायबरवाल्या घरात राहतो. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरांत अशी घरे भरपूर आहेत. गावाकडे ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणारी भारतनेट योजना २०११ पासून चालू आहे, पण ग्रामपंचायत कार्यालय ते पोराची खोली हे अंतर बहुतेक ठिकाणी अजून भरून निघालेले नाही. आणि जिथे लाइट गेली की नेटच बंद पडते, तिथे लॅपटॉपची बॅटरी भरलेली असून उपयोग नाही. घरात यंत्र असते तर इन्व्हर्टरवर एकट्याने खेळायचा गेम तरी चालला असता.

भाड्याचा हिशेब समजायला आधी हे धंद्याचे गणित समजायला हवे. सिनेमा एकदा तयार करून शहराशहरातल्या सर्व्हरवर ठेवला की तीच फाइल लाखो लोकांना पाठवता येते. नव्या प्रेक्षकामागे खर्च अगदी किरकोळ. गेममध्ये प्रत्येक खेळाडूसाठी वेगळे चित्र, त्याच क्षणी, नव्याने काढावे लागते. दहा हजार माणसे एकदम खेळत असतील तर तितक्या जणांना पुरतील एवढे ग्राफिक्स प्रोसेसर प्रत्यक्ष चालू असावे लागतात. आता गेम लोक कधी खेळतात? शाळा-कॉलेज-ऑफिस आटोपल्यावर, रात्री आठ ते बाराच्या दरम्यान. मंगल कार्यालयाला मुहूर्ताच्या दिवसांची गर्दी धरून बांधावे लागते आणि बाकीचे दिवस ते रिकामे झाडून ठेवावे लागते, तसेच हे आहे. सकाळी रिकाम्या पडलेल्या प्रोसेसरचा खर्च शेवटी रात्री खेळणाऱ्याच्या वर्गणीतूनच निघतो. आणि आपल्या सकाळी दुसऱ्या देशातल्या रात्रीच्या खेळाडूंसाठी ते प्रोसेसर वापरता येत नाहीत, कारण पुन्हा अंतर आडवे येते.

याच गणितात पहिली मोठी कंपनी बुडाली. ऑनलाइव्ह ही सेवा जून २०१० मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तंत्र काळाच्या पुढचे होते, सर्व्हर हजारोंनी उभे होते, खेळाडू मात्र तुरळक. ऑगस्ट २०१२ मध्ये ती कोलमडली, आणि ३० एप्रिल २०१५ रोजी कायमची बंद झाली. तिची पेटंटे सोनीने घेतली. सोनीने त्याआधीच, २०१२ मध्ये, गाइकाय ही दुसरी अशीच कंपनी ३८ कोटी डॉलरना विकत घेतली होती. या खरेदीतून तयार झालेली स्ट्रीमिंगची सोय पुढे प्लेस्टेशन प्लसच्या ‘प्रीमियम’ वर्गणीत आली. भारतात मात्र २०२२ मध्ये सोनीने ‘प्रीमियम’ ऐवजी ‘डिलक्स’ वर्गणी आणली. तिच्यात क्लाउड स्ट्रीमिंग नव्हते. जिथे कन्सोल परवडत नाही तिथेच कन्सोलशिवाय खेळण्याची सोय नाही, असा हा उलटा न्याय झाला.

स्टेडियाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. गूगलकडे पैसा, डेटा सेंटर आणि यूट्यूब, तिन्ही होते. १९ नोव्हेंबर २०१९ रोजी चौदा देशांत स्टेडिया सुरू झाली. भारत त्यांत नव्हता. यंत्राची गरज नव्हती, पण गेम पूर्ण किमतीला विकत घ्यायचा होता, आणि तो फक्त स्टेडियावरच चालणार होता. लोकांनी साहजिकच विचारले: उद्या तुम्ही दुकान बंद केले तर आमच्या गेमचे काय? २९ सप्टेंबर २०२२ रोजी दुकान बंद करण्याची घोषणा झाली, आणि १८ जानेवारी २०२३ रोजी ते बंद झाले. गूगलने गेमचे आणि आपल्याकडून घेतलेल्या यंत्रांचे पैसे परत केले. हे चांगलेच केले, आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण ते कंपनीच्या मर्जीने झाले. गिऱ्हाइकाचा तो हक्क होता, असे आजही म्हणता येत नाही.

एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊने वेगळी वाट धरली. ती गेम विकतच नाही. तुम्ही स्टीमसारख्या दुकानातून घेतलेला गेम ती आपल्या सर्व्हरवर चालवून देते. मला ही पद्धत गिऱ्हाइकाच्या बाजूची वाटते, कारण सेवा बंद झाली तरी गेम तुमच्या खात्यात राहतो आणि उद्या कॉम्प्युटर घेतलात तर त्यावर चालतो. भारतात स्टीमवर रुपयांत किमती आहेत, आणि सणासुदीच्या सेलमध्ये दोन-तीन वर्षांपूर्वीचे मोठे गेम हजाराच्या आत मिळतात, त्यामुळे ही जोडी आपल्याला विशेष सोयीची. पण या सेवेतही दुखणे निघालेच. फेब्रुवारी २०२० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली, आणि त्याच महिन्यात ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड, बेथेस्डा अशा प्रकाशकांनी आपले गेम तिथून काढून घेतले. लोकांनी पैसे मोजून घेतलेला गेम, तरी तो कोणत्या यंत्रावर चालवायचा हे प्रकाशक ठरवणार. पुढे जानेवारी २०२५ पासून नव्या सदस्यांना महिन्याला शंभर तासांची मर्यादा लागली. बहुसंख्य लोक तेवढे खेळत नाहीत हे खरे. पण अमर्याद भाड्याचे गणित एनव्हिडियालाही जमले नाही, हेही त्यातून दिसले. भारतात ही सेवा आणण्याची घोषणा एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये केली.

मायक्रोसॉफ्टची एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आली, आणि तिथे आपल्याला रुपयांत हिशेब मांडता येतो. ही सोय ज्या वर्गणीत मिळते त्या गेम पासचे भारतातले महिन्याचे दर ऑक्टोबर २०२५ मध्ये असे झाले: ‘इसेन्शियल’ ४९९ रुपये, ‘प्रीमियम’ ६९९, ‘अल्टिमेट’ १,३८९. तिन्हींत क्लाउडची सोय आहे; फरक गेमच्या संख्येत आणि नवा गेम पहिल्या दिवशी मिळतो की नाही यात. या दराने ‘अल्टिमेट’ वर्षाला १६,६६८ रुपयांना पडते, तीन वर्षांना पन्नास हजार. आता समोरासमोर मांडू. एकाने पन्नास हजारांचा कन्सोल घेतला आणि वर्षाला पाच-पाच हजारांचे तीन नवे गेम घेतले. तीन वर्षांत त्याचे पंचाण्णव हजार गेले. क्लाउडवाल्याचे पन्नास हजार गेले, आणि त्याला शेकडो गेम उघडे होते. इथवर क्लाउडची बाजू स्पष्ट वरचढ आहे.

पण आपल्याकडे लोक असे गेम घेतात का? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाणाऱ्या किंवा मित्रांच्या ग्रुपवर सौदा करणाऱ्या कोणत्याही मुलाला विचारा. डिस्क घ्यायची, गेम संपवायचा, ती विकून दुसरी घ्यायची. नवी नाहीच, सेकंडहँड घ्यायची. एक डिस्क चार घरांत फिरते. कन्सोलही जुना घेतला तर बराच कमी पैशांत येतो आणि तीन वर्षांनी विकला तर काही रक्कम हाती परत येते. हा हिशेब धरला की दोन्ही पारडी जवळपास सारखी होतात, आणि हौसेने रोज खेळणाऱ्याच्या बाबतीत जुने यंत्र स्वस्त ठरते. भाड्याच्या खेळात परत विकण्याजोगे काहीच उरत नाही. पोरांनी आपसांत उभी केलेली ही अदलाबदलीची व्यवस्था गरिबाला खेळापर्यंत नेणारी सर्वात जुनी वाट आहे, आणि क्लाउड ती पूर्ण बंद करते. परवडण्याच्या चर्चेत या तोट्याचा उल्लेख क्वचित होतो, तो व्हायला हवा.

शिवाय भाडे घरमालकाच्या हाती असते. गेम पास अल्टिमेटमध्ये सप्टेंबर २०२० मध्ये क्लाउडची सोय आली तेव्हा अमेरिकेत त्याचा दर महिन्याला १४.९९ डॉलर होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो २९.९९ डॉलर झाला. पाच वर्षांत दुप्पट. भारतात त्याच वेळी ८२९ रुपयांचे १,३८९ झाले. कन्सोल घेतलेल्या माणसाला त्याच्या कन्सोलची किंमत नंतर कोणी वाढवून मागत नाही. एका कंपनीच्या हाती सगळी भाडेवसुली जाऊ नये ही भीती सरकारी पातळीवरही मानली गेली आहे. मायक्रोसॉफ्ट ६८.७ अब्ज डॉलरना ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेत होती, तेव्हा ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये तो व्यवहार अडवला, आणि कारण दिले क्लाउड गेमिंगच्या बाजाराचे. ॲक्टिव्हिजनच्या गेमचे क्लाउडवरचे हक्क युबीसॉफ्टला देण्याचे ठरले, तेव्हाच ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली.

पोहोचण्याचा प्रश्न पैशापुरता नाही. ज्यांच्या हातांत ताकद कमी आहे, जे अंथरुणावर आहेत, ज्यांना टीव्हीसमोर तासभर बसणे शक्य नाही, त्यांच्यासाठी हलक्या टॅबलेटवर मोठा गेम उघडणे ही खरीखुरी मोकळीक आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेला एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर मोठी बटणे, पायाने दाबायचे स्विच, ओठांनी चालवायची साधने जोडू देतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. घरच्या कॉम्प्युटरवर अपंग खेळाडू आपल्या गरजेप्रमाणे छोटी सॉफ्टवेअरे बसवतात, बटणांची कामे बदलतात, गेममधले रंग आणि अक्षरे बदलतात. दूरच्या, दुसऱ्याच्या यंत्रावर यातले बरेचसे करता येत नाही. टीव्हीसाठी लिहिलेली अक्षरे सहा इंची पडद्यावर चांगली दृष्टी असलेल्यालाही वाचवत नाहीत. म्हणून या बाबतीत खरा फरक गेम बनवणाऱ्यांनी पडतो. २०२० मध्ये आलेल्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ मध्ये अपंगांसाठी साठहून जास्त सोयी आतच दिलेल्या होत्या; असा गेम कुठेही चालवला तरी त्या सोबत राहतात.

मग आपल्यासाठी यातले काय कामाचे? मला वाटते, उत्तर आपल्याच जुन्या शहरांत आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतही व्हिडिओ गेम पार्लर होती, आणि पुढे सायबर कॅफेत तासाच्या दराने काउंटर-स्ट्राइक चालायचा. महाग यंत्र एकाचे, आणि ते अनेकांनी वेळेवारी वापरायचे, ही क्लाउडचीच कल्पना. फरक इतकाच की पार्लरवाला खेळलेल्या वेळेचे पैसे घ्यायचा. परीक्षेच्या महिन्यात मुलगा गेलाच नाही तर त्याचे काही जात नसे. महिन्याची वर्गणी मात्र खेळा किंवा न खेळा, खात्यातून जाते. महिन्याला आठ-दहा तास खेळणाऱ्या विद्यार्थ्याला तासाचा किंवा दिवसाचा दर हवा आहे. जिओगेम्स क्लाउडने २०२५ मध्ये तीन दिवसांना ४८ रुपये आणि अठ्ठावीस दिवसांना २९८ रुपये असे पॅक काढले, ही दिशा मला बरोबर वाटते. शनिवार-रविवारचा खेळ पन्नास रुपयांत, हे पार्लरच्या गणिताजवळ जाते. आता त्या यादीत चांगले गेम असणे आणि रात्री नऊ वाजता सर्व्हर मोकळा मिळणे, एवढे जमले पाहिजे. कंपन्यांकडून आणखी एक गोष्ट मागायला हवी, आणि ती कायद्यानेच मिळेल: सेवा बंद केली तर तिच्यावर विकत घेतलेल्या गेमचे पैसे परत. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये असा कायदा केला की डिजिटल वस्तू कायमची विकत न देता फक्त वापराचा परवाना विकत असाल, तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा. ही पहिली पायरी झाली. आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यातही याची सोय व्हावी.

तोवर जो कोणी हा लेख वाचून मुलाला किंवा स्वतःला अशी सेवा घेण्याचा विचार करत असेल, त्याने इतके करावे. घरी फायबर असेल आणि खेळ आठवड्यातून काही तासांचा, तर क्लाउड आज खरेच स्वस्त आहे, बिनधास्त घ्यावा. लॅपटॉप किंवा टीव्ही राउटरला शक्यतो केबलने जोडावा, नाहीतर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवावे, आणि रात्रीच्या गर्दीच्या वेळी एकदा खेळून पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. रोज दोन-तीन तास खेळणाऱ्याने जुना कन्सोल शोधावा. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर हा खेळ होणार नाही, कोणी काहीही सांगितले तरी. आणि पास महिन्याचाच घ्यावा, वर्षाचा एकरकमी घेऊ नये.